नेटवर्क कार्डाची बंद बाजू

विंडोज १०ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली आणि शाळा, वाचनालयं, पतसंस्था, दूध संस्था अशा सगळ्यांपुढे एकच प्रश्न आला: चांगले चालणारे संगणक भंगारात घालायचे का? विंडोज ११ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नाही. नवीन मशीन घ्यायचं तर ठराव लागतो, तरतूद लागते. म्हणून आपल्या कोल्हापुरातही काहींनी जुन्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघितली. स्क्रीन लागली, प्रिंटर लागला, मराठी टायपिंग झालं आणि गाडी अडली ती यूएसबीत लावायच्या वायफायच्या डोंगलपाशी, नाहीतर लॅन कार्डापाशी. तेव्हापासून जो वाद ऐकू येतोय, तो दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललाय. एक बाजू म्हणते, फुकटच्या वस्तूला गॅरंटी कुठली, लिनक्स हे हौशी लोकांचं काम, संस्थेच्या कारभाराचं नव्हे. दुसरी बाजू म्हणते, कार्ड घेण्याआधी चिप बघायला काय झालं होतं, चूक तुमचीच. पहिली बाजू ऑपरेटिंग सिस्टीमला दोषी ठरवते, दुसरी वापरणाऱ्याला. ज्याने कार्ड बनवलं आणि ज्याने ते विकून पैसे घेतले, त्याला मात्र कुणीच जाब विचारत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. नेटवर्क कार्डाशी, मग ते लॅनचं असो की वायफायचं डोंगल, संगणकाने कसं बोलायचं, याची माहिती कार्ड बनवणाऱ्याने जाहीर केलीच पाहिजे. आणि ज्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, नाही, ते कार्ड सरकारच्या किंवा सभासदांच्या पैशातून विकत घेतलं जाऊ नये. ही अट रात्री जागून ड्रायव्हर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांना घालता येणार नाही, त्यांच्या हातात ती ताकदच नाही. ती खरेदीदाराने घालायची आहे. जिल्हा परिषद, विद्यापीठ, दूध संघ, साखर कारखाने, सहकारी बँका हे आपल्या जिल्ह्यातले मोठे खरेदीदार आहेत, आणि आजवर त्यांनी हा मुद्दा संगणकवाल्यावर सोडून दिला आहे.

नेटवर्क कार्डाला दोन बाजू असतात. एक तारेकडची, दुसरी संगणकाकडची. तारेकडच्या बाजूचे नियम जगजाहीर आहेत. इथरनेटची कल्पना १९७३मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात निघाली. १९८०मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून त्याचं स्पेसिफिकेशन प्रसिद्ध केलं आणि १९८३मध्ये त्यावरून आयट्रिपलई ८०२.३ हे मानक तयार झालं. एका कंपनीची केबल, दुसरीचा स्विच आणि तिसरीचं कार्ड आज बिनतक्रार एकमेकांना चालतं, ते त्यामुळे. संगणकाकडची बाजू मात्र बहुतेक वेळा झाकलेली असते. चिपमधल्या कोणत्या रजिस्टरात, म्हणजे नोंदीच्या कप्प्यात, काय लिहिलं की पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, निघतं, पॅकेट आलं हे चिप कसं कळवते, अडकली तर तिला पुन्हा भानावर कसं आणायचं, ही माहिती बऱ्याच कंपन्या स्वतःजवळच ठेवतात. ड्रायव्हर म्हणजे याच माहितीचा प्रोग्राम. माहितीच नसेल तर ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काय करायचं? ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांसाठी काय करावं लागलं ते बघा. काही जणांनी कंपनीचा बंद, म्हणजे मूळ कोड न दिलेला, ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन लिहून काढलं, आणि दुसऱ्या गटाने मूळ कोड न बघता निव्वळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६मध्ये कर्नलमध्ये आला. कंपनीने स्वतःचा उघडा ड्रायव्हर दिला २०१०मध्ये. मधल्या काळात लॅपटॉप विकत घेतलेल्या माणसांनी विंडोजचा ड्रायव्हर एनडीआयएसरॅपर नावाच्या प्रोग्रामच्या आवरणात घालून लिनक्सवर कसाबसा चालवला. माहिती द्यायचीच होती, तर एवढी माणसं इतकी वर्षं का राबवली?

झेरॉक्सचंच आणखी एक उदाहरण आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी कागद अडकल्याचा निरोप वापरणाऱ्यांना जाईल अशी सोय केली होती, तीच नव्यातही करायची होती, पण सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, मिळाला नाही. ज्याच्याकडे तो होता त्याने करार पुढे करून नकार दिला. ज्याचा सोर्स कुणालाही बघता आणि बदलता येतो अशा मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे हा अनुभव होता, आणि १९८३मध्ये स्टॉलमन यांनी अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. इथरनेटचे नियम उघडे केले तेव्हा सारं जग त्या तारेला येऊन जोडलं गेलं. प्रिंटरचा कोड झाकला तेव्हा हाताशी दुरुस्ती जाणणारा माणूस असूनही मशीन तसंच अडत राहिलं. आपल्या डोंगलांची आजची गत प्रिंटरसारखी आहे, आणि ती इथरनेटसारखी करता येते.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक कंपनीची चिप वेगळी, मग तिचं बोलणं वेगळं असणारच. असणारच का? महाद्वार रोडवरून कोणत्याही कंपनीचा पेन ड्राइव्ह आणा, तो विंडोजवर, लिनक्सवर, टीव्हीवर, गाडीतल्या स्टिरिओवर चालतो. त्याच्यासाठी कुणी ड्रायव्हरची सीडी देत नाही. कारण यूएसबीवरच्या साठवणीची संगणकाकडची भाषा सगळ्यांनी मिळून ठरवली. हार्ड डिस्कसाठी एएचसीआय ही तशीच ठरलेली भाषा आली, एसएसडीसाठी २०११मध्ये एनव्हीएमईची पहिली आवृत्ती आली. यातल्या चिपा एकसारख्या नाहीत, आतली कारागिरी ज्याची त्याची आहे आणि स्पर्धाही जोरात आहे. नेटवर्क कार्डांच्या बाबतीतही एके काळी हे आपोआप घडलं होतं. नॉव्हेलच्या एनई२००० कार्डाची इतक्या कंपन्यांनी नक्कल केली की एकच ड्रायव्हर घेऊन कुठलंही स्वस्त कार्ड चालायचं. पुढे वेग वाढला, चिपा बदलल्या आणि ती सोय गेली. तेव्हा 'वेगळं असणारच' हा काही निसर्गनियम नाही.

कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं उदाहरण देतो, कारण त्यात सगळी कहाणी एका टेबलावर दिसते. संस्थेच्या संगणकावर दोन्ही वेळच्या संकलनाचे आकडे भरले जातात, लिटर, फॅट, एसएनएफ, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल निघतं. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं, म्हणून लिनक्सला अडचण नव्हती. सचिवांनी राजारामपुरीतून डोंगल आणलं. खोक्यावर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तिन्ही नावं ठळक छापलेली. डोंगल लावलं तर वायफाय दिसेना, स्क्रीनवर उगवला तो सीडी ड्राइव्ह. हे डोंगल लावल्याबरोबर आधी सीडी असल्याचं सोंग घेतं. त्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर असतो, आणि तो बसला की मग ते वायफाय कार्डाच्या रूपात येतं. लिनक्सवर त्याला मोड बदलायला वेगळं सांगावं लागतं. ते सांगितल्यावर चिपचं नाव कळलं, पण त्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर नव्हता. खोक्यातल्या छोट्या सीडीवर लिनक्स नावाचं फोल्डर होतं. त्यातला सोर्स जुन्यापुराण्या कर्नलसाठी लिहिलेला, कम्पाइलच होईना, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्रामच बनेना. शेवटी कुणा भल्या माणसाने दुरुस्त करून ठेवलेली प्रत उतरवायची ठरली, तर ती उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठीच तर हा खटाटोप. सचिवांचा मोबाइल केबलने जोडला, आणि तो मात्र कसलाही ड्रायव्हर न मागता क्षणात नेट देऊ लागला. यूएसबीवरून नेट देण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत, म्हणून. त्याच पोर्टात, त्याच मशीनवर एक वस्तू चालते आणि दुसरी चालत नाही, तेव्हा दोष मशीनचा की लिनक्सचा?

डोंगल त्या दिवशी चाललं. पुढे कर्नलचं अपडेट आलं, बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही, आणि नेमकं बिलाच्या दिवशी नेट गेलं. "सर, काल चालत हुतं की, आज काय झालं ह्येला?" सचिव विचारत होते आणि दारात माणसं थांबली होती. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "सर, विंडोज टाका, लगेच चालंल." दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याला माल येतो तो वितरकाकडून, वितरकाला कंपनीकडून, आणि खोक्यावरचं लिनक्स हे नाव नेमकं कोणत्या आवृत्तीबद्दल आहे हे या साखळीत कुणीच कुणाला विचारलेलं नाही.

आता विरुद्ध बाजूचे वजनदार मुद्दे. त्यातला सगळ्यात खरा मुद्दा असा, की लिनक्स कर्नलची आतली रचना सतत बदलते. कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातला सांधा स्थिर ठेवायचा नाही हे कर्नलवाल्यांनी विचारपूर्वक ठरवलेलं धोरण आहे. विंडोजसाठी एकदा लिहिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षं चालतो, लिनक्ससाठी लिहिलेला काही महिन्यांत मोडू शकतो, मग कंपनीने हा जाच का सहन करावा? हा जाच खराच आहे, मी नाकारत नाही. पण तो होतो कर्नलबाहेर ठेवलेल्या ड्रायव्हरला. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये गेला की नियम उलटा होतो: जो सांधा बदलेल, त्यानेच त्यावर अवलंबून असलेले कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. म्हणजे कंपनीचं पुढचं बरंचसं काम दुसरेच करतात. त्यासाठी सुरुवातीला कोड नीट लिहावा लागतो, तपासून घ्यावा लागतो, आणि कंपन्या बिचकतात ते तिथे. रियलटेकच्या नव्या वायफाय चिपांचा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर २०१९मध्ये ५.२ कर्नलमध्ये आला. त्यात यूएसबी डोंगलांची सोय व्हायला २०२३चं ६.२ कर्नल उजाडावं लागलं, आणि ते काम कंपनीबाहेरच्या प्रोग्रामरने केलं. मधली वर्षं गिऱ्हाइकांनी दूध संस्थेसारखी काढली. ड्रायव्हर लिहायला माणूस नाही ही सबब तर २००७पासूनच उरलेली नाही. त्या वर्षी कर्नलचे एक प्रमुख प्रोग्रामर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर केलं होतं, की चिपची माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देऊ, गुप्ततेचा करार हवा असेल तर तोही करू.

दुसरा मुद्दा असा मांडतात, की डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी खर्च कोण करणार? डेस्कटॉपपुरतं हे बरोबर आहे. पण अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे, आणि घरोघरच्या वायफाय राउटरांमध्येही बहुतेक तोच. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं, परवान्यानुसार त्याचा सोर्स खुला करावा लागला, आणि त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. चिप बनवणाऱ्या कंपन्या राउटरवाल्यांना आणि फोनवाल्यांना लिनक्सचे ड्रायव्हर देतातच. म्हणजे लिनक्स त्यांना परका नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला जे मिळतं ते छोट्याला मिळत नाही, इतकंच.

रेडिओच्या कायद्याचा मुद्दाही येतो. वायफाय कार्ड हा ट्रान्समीटर आहे, कुणीही ड्रायव्हर बदलून ताकद वाढवली किंवा बंदी असलेल्या वारंवारतेवर पाठवलं तर विमानतळाजवळच्या हवामान रडारलासुद्धा त्रास होऊ शकतो. धोका खरा आहे. पण मर्यादा पाळायला लावणं आणि सगळंच कुलूपबंद करणं यात फरक आहे. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१६मध्ये टीपी-लिंकला ताकदीची मर्यादा ओलांडू देणाऱ्या राउटरांबद्दल २ लाख डॉलर भरायला लावले आणि त्याच तडजोडीत बाहेरचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम, चालू देण्याची सोय शोधायची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. अॅथेरॉस या चिप कंपनीचा एटीएच९के हा ड्रायव्हर २००८पासून पूर्ण उघडा आहे आणि जगभर वापरला जातो. त्याने कुठली आकाशवाणी बंद पडली?

उघड्या ड्रायव्हरचे कैवारी एक गोष्ट टाळतात, ती मी टाळणार नाही. उघडा ड्रायव्हर म्हणजे निर्दोष ड्रायव्हर असं अजिबात नाही. सप्टेंबर २००८मध्ये २.६.२७ कर्नलच्या चाचणी आवृत्त्यांनी इंटेलच्या काही नेटवर्क चिपांची कायमस्वरूपी मेमरीच खराब करून टाकली. कार्ड नादुरुस्त झालं, नुसतं बंद पडलं नाही. याहून वाईट आरोप कुठल्या ड्रायव्हरवर होऊ शकतो? पण पुढे काय झालं तेही बघावं लागतं. इंटेलचे इंजिनिअर, लिनक्सच्या वितरणांचे, म्हणजे उबुंटू, डेबियनसारख्या तयार संचांचे, प्रोग्रामर आणि कार्ड गमावलेले वापरकर्ते एकाच कोडकडे बघत होते. आधी त्या मेमरीवर लिहिण्याला कुलूप घातलं गेलं, मग शोध पुढे गेला आणि ऑक्टोबरमध्ये कळलं, की मूळ दोष नेटवर्क ड्रायव्हरचा नव्हताच. कर्नलमधल्या फंक्शनांचा माग ठेवणारी एफट्रेस नावाची सोय मोकळ्या झालेल्या जागेवर लिहीत होती, आणि ती जागा आता कार्डाकडे गेली होती. बंद ड्रायव्हर असता तर ही गाठ कंपनीबाहेरच्या कुणाला सुटली असती? कार्डाच्या चांगलेपणाचंही तसंच. इंटेलच्या आय२२५ या अडीच गिगाबिटच्या चिपच्या पहिल्या आवृत्तीत हार्डवेअरमध्येच खोट होती, ड्रायव्हर उघडा असूनही. उघडेपणाने कार्ड चांगलं होत नाही. खोट नेमकी कुठे आहे ते मात्र कळतं, आणि वॉरंटीत भांडायला आधार मिळतो.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. शाळेला चार पैसे वाचवायचे असतात आणि चांगली चिप महाग, हे म्हणणं सहानुभूतीने ऐकावं असं आहे. पण स्वस्त आणि बंद यांची जोडी लावून दिली कुणी? सायबर कॅफेंच्या काळात काही शे रुपयांना मिळणारं रियलटेक ८१३९चं लॅन कार्ड आठवा. चिप म्हणून ती अगदी सामान्य होती, पॅकेटं मेमरीत इकडून तिकडे नकलून घेण्याचं ओझं ती प्रोसेसरवर टाकायची, आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तिला कोडमध्येच नावं ठेवली आहेत. पण तिची माहिती उपलब्ध होती. म्हणून ती लिनक्सवर चालली, बीएसडीवर चालली, जिथे लावाल तिथे चालली. हलकं कार्ड, पण भरवशाचं.

आपल्या शहराला हे सांगायला लागू नये. शिवाजी उद्यमनगर वाढलं ते शेतावरची ऑइल इंजिनं उघडून, मापं घेऊन, भाग पाडून आणि ओतून. त्या मिस्त्रींना हे जमलं, कारण त्यांच्या कौशल्याला आटे ठरलेले असण्याची जोड होती. इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये बोल्टाच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, ते कोष्टकांमधून छापलं गेलं आणि इंग्लंडात बनलेल्या इंजिनाचा बोल्ट कोल्हापुरात कातता येऊ लागला. प्रत्येक कारखान्याने आपला आटा गुप्त ठेवला असता तर इथली किती वर्कशॉपं उभी राहिली असती? संगणक दुरुस्त करणाऱ्या आजच्या पोरांकडे मिस्त्रींइतकीच जिद्द आहे. त्यांना कोष्टक मिळत नाही.

केंद्र सरकारने २०१५मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं, ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू आलं, केरळातल्या शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकतायत. दुरुस्तीच्या हक्कासाठी ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये समिती नेमली. हे सगळं स्वागतार्ह आहे, पण चिपची माहिती हा दुरुस्तीच्या हक्काचाच भाग मानला गेला तर त्याला खरा अर्थ येईल. ज्या वस्तूशी बोलायची भाषा माहीत नाही, ती दुरुस्त कशी करणार?

शेवटची शंका मला नेहमी ऐकवली जाते: एका जिल्ह्याच्या अटीने तैवानच्या कंपनीला काय फरक पडतो? कंपनीला एकदम पडणार नाही. राजारामपुरीच्या आणि शाहूपुरीच्या दुकानदाराला मात्र त्याच आठवड्यात पडेल, कारण तो डोंगल मागवतो ते गिऱ्हाईक मागेल ते. बाजारात पर्याय आहेत. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचं डोंगल २०१८पासून वेगळा ड्रायव्हर न बसवता चालतं. आणि थोड्या माणसांनी मागितलं तरी मिळतं, हेही घडलेलं आहे. ओपनबीएसडी हा फ्रीबीएसडीच्याच घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी लहान प्रकल्प. २००४च्या सुमारास त्याचे प्रमुख थिओ डी राट यांनी वापरणाऱ्यांना थेट चिप कंपन्यांकडे कागदपत्रं मागायला सांगितलं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी टाळाटाळ केली, रालिंकसारख्या तैवानी कंपनीने माहिती दिली. त्याच रालिंकला २०११मध्ये मीडियाटेकने विकत घेतलं.

मार्चअखेरच्या खरेदीची कोटेशनं निघतील तेव्हा त्यात तीन अटी घालाव्यात. पहिली, कार्डाच्या मॉडेलबरोबर हार्डवेअरची आवृत्ती आणि चिपचं नाव कोटेशनवर आणि बिलावर लिहिलेलं हवं. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलाच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप होती, दुसऱ्या आवृत्तीत रियलटेकची आली, मॉडेलचं नाव तेच राहिलं. पहिलीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता, तिचं फर्मवेअरसुद्धा पुढे उघडं झालं. नाव बघून दुसरी आणणारा माणूस फसला. दुसरी अट, कार्ड संस्थेत चालणाऱ्या लिनक्सवर, बाहेरून काहीही न बसवता, माल ताब्यात घेतानाच चालवून दाखवावं. फर्मवेअर लागत असेल तर ते वितरणाच्या नेहमीच्या पॅकेजमधलं असावं. डेबियननेही २०२२मध्ये मतदान घेऊन असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये द्यायचं ठरवलं, तेव्हा एवढी सवलत व्यवहार्य आहे. तिसरी, कर्नलच्या अपडेटनंतर कार्ड बंद पडलं तर ते वॉरंटीच्या मुदतीत बदलून मिळावं, आणि 'विंडोज टाका' हे उत्तर दुरुस्ती म्हणून धरलं जाऊ नये. दूध संघाने आपल्या संस्थांसाठी आणि जिल्हा परिषदेने आपल्या शाळांसाठी या अटींचा एकच मसुदा केला, तर प्रत्येक सचिवाला आणि मुख्याध्यापकाला चिपांचा अभ्यास करत बसावं लागणार नाही.